सपाट पाणी, सुटा वारा: पोर्टलंड हार्बरमधलं स्पीड विंडसर्फिंग आणि भरतीचं गणित

चेसिलवाला

पावसाच्या धाग्यावर माझं फारच अवांतर व्हायला लागलं, तेव्हा दोघातिघांनी सुचवलं की वेगळा धागा काढा. काढला. विषय एवढाच: शिडाच्या बोर्डवरून जास्तीत जास्त वेगात जायचं असेल तर वारा कुठून हवा, पाणी किती हवं, आणि ही दोन्ही एका वेळी एका जागी का मिळत नाहीत.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विंडसर्फिंगचा हा उपप्रकार दिसायला अगदी साधा. उड्या नाहीत, कसरती नाहीत. सरळ रेषेत सुसाट जायचं आणि जीपीएसवर आकडा बघायचा. अधिकृत विक्रम ५०० मीटरच्या सरासरीवर धरतात. आम्ही हौशी मंडळी १० सेकंदांची सरासरी बघतो आणि दिवसातल्या सर्वांत चांगल्या पाच फेऱ्यांची पुन्हा सरासरी काढतो. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. ४० नॉट म्हणजे ताशी ७४, त्या वेगाने ५०० मीटर साधारण २४ सेकंदांत संपतात. फ्रान्सच्या आंत्वान अल्बोने २०१५ साली नामिबियातल्या ल्युडेरिट्झला ५३.२७ नॉट काढले. म्हणजे ताशी जवळजवळ ९९ किलोमीटर, आणि इंजिन नाही.

आता मुद्द्याचं. नवीन माणूस वाऱ्याचा अंदाज उघडतो, ३५ नॉटचा लाल पट्टा दिसला की खूश होतो आणि बोर्ड गाडीवर चढवतो. माझ्या मते वाऱ्याचा जोर ही तिसऱ्या नंबरची गोष्ट आहे. पहिली काठाची दिशा, दुसरी पाण्याची पातळी. वारा भरपूर असतो हो, ऑक्टोबरनंतर इथे वाऱ्याला तोटा नाही. तोटा सपाट पाण्याचा.

वारा पाण्यावरून जितकं अंतर वाहत येतो तितकी लाट मोठी होते. ३० नॉटच्या वाऱ्यात काठापासून १० मीटरवर लाट दोन-अडीच सेंटीमीटरची असते, १०० मीटरवर सुमारे ८ सेंटीमीटर, १ किलोमीटरवर वीतभर किंवा थोडी जास्त. आठ सेंटीमीटर ऐकायला काहीच वाटत नाही. पण स्पीडचा बोर्ड जेमतेम ४५ ते ५५ सेंटीमीटर रुंद असतो आणि ४० नॉटला त्याचा मागचा हातभर भागच पाण्याला टेकलेला असतो. त्या वेगात त्या आठ सेंटीमीटरवरून जाणं म्हणजे एस्टीच्या शेवटच्या बाकड्यावर बसून खडीचा रस्ता. फिन, म्हणजे बोर्डच्या बुडाचं पातं, पाण्याबाहेर आला की पकड सुटते, बोर्ड आडवा फिरतो, आणि मग तुम्ही शिडावरून पुढे.

म्हणून काठाला चिकटून जायचं. आणि वारा काठाकडून पाण्याकडे यायला हवा.

पोर्टलंड हार्बर याच कारणासाठी नावाजलेलं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेटमध्ये चेसिल बीच नावाचा गोट्यांचा बांध आहे, २९ किलोमीटर लांब. पश्चिमेच्या टोकाला वाटाण्याएवढे खडे, पोर्टलंडकडे येईपर्यंत मुठीएवढे गोटे. बांधाच्या एका अंगाला खुला समुद्र, दुसऱ्या अंगाला हार्बर. नैऋत्येचं वादळ आलं की बांधापलीकडे लाटा अशा आदळतात की गाडीत बसून आवाज ऐकू येतो. आणि अलीकडे, रस्ता ओलांडला की, काठालगत पाण्यावर नुसत्या बारीक सुरकुत्या.

१९७२ साली शिडाच्या वेगाची पहिली अधिकृत स्पर्धा इथेच झाली. 'क्रॉसबो' नावाच्या होडीने २६.३ नॉट काढले. १९८३ साली फ्रेड हेवूडने इथेच बोर्डवर ३० नॉटची रेषा ओलांडली, ३०.८२. नंतर विक्रम इथून गेले ते परत आले नाहीत. त्याचं कारणही पाणी आणि वारा हेच आहे, त्याच्याकडे येतोच.

आता कोन. बोर्ड सर्वांत वेगात जातो तो वारा पाठीमागून तिरका असताना, वाऱ्याच्या उगमापासून साधारण १२० ते १३५ अंशांवर. वारा बरोबर आडवा असेल तर वेग कमी, सरळ पाठीमागून असेल तर त्याहून कमी. हार्बरचा आतला काठ फेरीब्रिजच्या पुलापासून पोर्टलंडकडे साधारण वायव्य-आग्नेय जातो. नकाशा समोर घेऊन बघा: वारा नैऋत्येचा असेल तर तो काठाला काटकोनात येतो. पाणी सुरेख सपाट, पण काठाने जाताना कोन ९० अंश. सपाट पाण्यात कूर्मगती. वारा पश्चिमेचा झाला की आग्नेयेकडे जाताना कोन नेमका १३५. दक्षिणेचा झाला की उलट, वायव्येकडे जाताना १३५. पण वारा जसजसा काठाला समांतर होत जातो तसतसं पाणी खडबडीत होतं, कारण तो पाण्यावरून जास्त अंतर वाहत येतो. नैऋत्य ते पश्चिम या ४५ अंशांच्या फटीत आमचा सगळा खेळ.

शिवाय बांध स्वतःच आडवा येतो. पोर्टलंडच्या टोकाला तो १४-१५ मीटर उंच आहे. काठाला अगदी चिकटलात तर पाणी सपाट, पण वारा तुटक: एक झोत, मग पोकळी, मग दुसरा झोत. पोकळीत शीड हातात मेल्यासारखं होतं. बाहेर सरकलात की वारा भरीव, पण लाट. त्यामुळे पाण्यावर झोताचा काळा डाग सरकत येताना दिसतो तोपर्यंत थांबायचं, तो अंगावर यायच्या क्षणभर आधी बोर्ड वारा जातो त्या बाजूला वळवायचा आणि त्या डागाबरोबर काठाकाठाने पळायचं. हे ज्याला जमतं तो माझ्यासारख्यापेक्षा ५ नॉट जास्त काढतो, तेही त्याच शिडावर.

भरतीचं राहिलं. ते प्रतिसादांत, कारण आधी कोणी वाचतंय का ते बघू दे.

---

खाडीकाठ

वाचतोय. पुढचा भाग टाका, आमच्याकडून भाव खाऊ नका.

---

नवखी

लेख आवडला, पण एक बाळबोध प्रश्न. भरती-ओहोटीचा इतका त्रास आहे तर धरणात का जात नाही? मी पुण्याची. खडकवासल्याला एनडीएची मुलं शिडाच्या होड्या चालवतात. वरसगाव, पानशेतला तर केवढं पाणी आहे.

---

चेसिलवाला

@नवखी, बाळबोध अजिबात नाही. भरती नसणं हा फायदाच. पण पानशेत-वरसगावला चारी बाजूंनी डोंगर. डोंगरावरून उतरणारा वारा गरगर फिरत येतो, दर शंभर पावलांवर दिशा वेगळी. आम्हाला हवा असतो सखल, उघडा, झाडं नसलेला काठ, ज्याच्यावरून वारा न अडखळता येईल. फ्रान्समधल्या सँत-मारी-द-ला-मेरला याच्यासाठी मुद्दाम कालवा खणला. आजूबाजूला कामार्गची सपाट दलदल, कालवा काही मीटर रुंद, म्हणजे लाटेला वाढायला जागाच नाही. १९९३ साली थिएरी बिएलाकने तिथे ४५.३४ नॉट काढले. ल्युडेरिट्झचा चरही त्याच डोक्यातून निघाला. पोर्टलंडचे विक्रम गेले ते इथे. निसर्गाने दिलेल्या १५ मीटरच्या बांधापेक्षा माणसाने उकरलेला मीटरभर काठ सरस ठरला.

आता भरती. पोर्टलंडला पाण्याची चढउतार थोडी आहे, उधाणाला (पौर्णिमा-अमावास्येची मोठी भरती) सुमारे २ मीटर, भांगाला (अष्टमीच्या आसपासची छोटी भरती) त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. ब्रिस्टल चॅनेलमध्ये हीच १२-१४ मीटर जाते, तिथल्या लोकांना आमचं रडगाणं ऐकून हसू येतं. पण फेरीब्रिजच्या बाजूला हार्बर उथळ आहे. पाणी १ मीटर उतरलं की काठ दूर सरकतो, वाळूचे उंचवटे डोकं वर काढतात, आणि २० सेंटीमीटरच्या फिनलासुद्धा जागा उरत नाही. ४० नॉटला फिन वाळूत रुतला तर काय होतं ते सांगायची गरज नाही.

उलट पूर्ण भरतीला काठ बांधाच्या जवळ येतो, म्हणजे तुम्ही वाऱ्याच्या सावलीत जास्त खोल शिरता. आणि उथळावर लाट मरते तो फायदाही जातो. माझी पसंती मधल्या पाण्याला, भरतीच्या तक्त्यात १.२ ते १.५ मीटर लिहिलेलं असतं तेव्हा. दुसऱ्या कोणाला विचाराल तर तो भरतीच सांगेल. यावर इथल्या वाहनतळावर रीतसर भांडणं होतात.

आणखी एक गंमत. पोर्टलंडला ओहोटी दोनदा लागते. पाणी तळाला जातं, किंचित वर येतं, पुन्हा खाली जातं. याला इथे 'गल्डर' म्हणतात. परिणाम असा की उधाणाच्या दिवशी तीन-चार तास पाणी जवळजवळ तळाशीच रेंगाळतं. दुपारी एक तासात पाणी चढेल म्हणून सँडविच खात बसलात तर संध्याकाळ होते.

---

तांडेल

भरतीचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी मूळचा मालवणकडचा, घरात मासेमारी होती. आमच्याकडे कोणी तक्ते बघत नाही. तिथीला पाऊणपट करायची, भरतीची वेळ आली. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारला भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे, बाराच्या आसपास. थोडंफार मागेपुढे होतं, पण होडी लोटायला तेवढं पुरतं.

तुमच्या त्या पोर्टलंडला हा हिशोब चालतो का?

---

चेसिलवाला

तांडेल काका, चालतो, फक्त सात तास मिळवावे लागतात! चंद्र तोच, पण लाट प्रत्येक बंदरात आपल्या वेळेने पोचते. पोर्टलंडला पौर्णिमा-अमावास्येची भरती सकाळी आणि संध्याकाळी साधारण साडेसहा-सातला येते. उन्हाळी वेळ चालू असेल तर घड्याळात आणखी एक तास. म्हणजे उधाणाच्या दिवशी भर दुपारी इथे कायम ओहोटी. अपवाद नाही. अष्टमीच्या आसपास दुपारी एकच्या सुमारास भरती येते, पण ती भांगाची, बेताची.

हे एकदा डोक्यात बसलं की सुट्टी टाकणं सोपं होतं. ऑक्टोबरमध्ये इथे 'वेमथ स्पीड वीक' ही वेगाची स्पर्धा भरते. त्या आठवड्यात चंद्र कुठे आहे हे बघितलं की दुपारी पाणी कसं असेल ते महिनाभर आधी सांगता येतं. वारा मात्र तीन दिवस आधीसुद्धा सांगता येत नाही.

आणि योगायोग बघा, लिव्हरपूलला तुमचा पाऊणपटीचा हिशोब जवळजवळ जसाच्या तसा लागू पडतो, कारण तिथे उधाणाची भरती बाराच्या आसपासच येते. तिथून जवळ वेस्ट कर्बीला १८९९ साली बांधलेला मरीन लेक आहे. डी नदीच्या मुखाशी समुद्रात भिंत घालून पाणी अडवलंय. बाहेर समुद्र मैलभर मागे गेला तरी आत पाणी तसंच. भिंतीला हात लागेल इतक्या जवळून लोक जातात. भिंत बुटकी, म्हणून वाऱ्याला अडथळा कमी. फक्त मोठ्या उधाणाला पाणी भिंतीच्या वर येतं, आणि वारा असेल तर बाहेरच्या लाटा सरळ आत. तेव्हा तिथे भर दुपारी, ऐन वाऱ्यात, सगळे चहा पीत बसलेले असतात.

---

चिकित्सक

धागा छान. दोन शंका आणि एक सुधारणा.

शंका १: लाटेच्या उंचीचे आकडे कुठून आणले? मी हिशोब करून बघितला. लाट अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते हे खरं, त्यामुळे १० मीटरला २.४ सेंमी धरली तर १०० मीटरला ७.६ येते. म्हणजे आकडे बरोबर आहेत. बरं.

शंका २: बांध १५ मीटर उंच, तर वाऱ्याची गडबड उंचीच्या १० ते २० पट अंतरापर्यंत राहायला हवी. म्हणजे १५० ते ३०० मीटर. तुम्ही काठाने ३० नॉटच्या वर कसे जाता?

सुधारणा: कोणीतरी म्हणेल की भरतीच्या प्रवाहाबरोबर गेलं तर जीपीएसला फुकटचा वेग मिळतो. जीपीएस जमिनीच्या संदर्भात मोजतो म्हणून. म्हणणाऱ्याने हिशोब करावा. समजा वारा ३० नॉट, कोन १३५, प्रवाह १ नॉट तुमच्याच दिशेने. प्रवाहाबरोबर वाहताना पाण्याच्या संदर्भात वारा सुमारे ०.७ नॉटने कमी होतो. बोर्ड वाऱ्याच्या १.३ पट जात असेल तर तुमचा पाण्यावरचा वेग ०.९ नॉटने उतरतो. मिळाला १, गेला ०.९. हातात राहिला भोपळा.

---

चेसिलवाला

@चिकित्सक, शंका १ तुम्हीच सोडवलीत, आभारी आहे.

शंका २: बांध म्हणजे उभी भिंत नाही, दोन्हीकडे उतार आहे, आणि माथ्यापासून हार्बरच्या पाण्यापर्यंत मध्ये बरंच अंतर जातं. उताराची पाठ, मग रस्ता, मग आतला काठ. बरीचशी गडबड जमिनीवरच जिरते. राहते ती झोतांच्या रूपात राहते, ज्याच्याबद्दल वर लिहिलंय. वाहनतळात उंच व्हॅन ओळीने लावल्या की काठालगत फरक पडतो असं इथले जुने लोक शपथेवर सांगतात. मला पटतं.

सुधारणेबद्दल: हिशोब मान्य, पण एक गृहीतक पोकळ आहे. वेग वाऱ्याच्या १.३ पट राहतो तो मधल्या टप्प्यात. ४० नॉटच्या वर गेलात की पाण्याचा आणि हवेचा विरोध इतका वाढतो की ५ नॉट जास्त वारा आला तरी वेग जेमतेम १-२ नॉट चढतो. तिथे वारा ०.७ ने कमी झाल्याचं नुकसान नगण्य आणि प्रवाहाचा १ नॉट जवळजवळ निव्वळ नफा. म्हणूनच विक्रम मोजताना प्रवाहाची दखल घ्यावी लागते.

पण व्यवहारात प्रवाहाचं खरं महत्त्व वेगळं आहे. वारा आणि प्रवाह समोरासमोर आले की लाट आखूड आणि उभी होते. फेरीब्रिजच्या पुलाखालून फ्लीटचं, म्हणजे बांधामागच्या खाजणाचं, पाणी हार्बरमध्ये येतं-जातं, तिथे ओढ चांगलीच आहे. पुलाच्या तोंडाशी एकाच वाऱ्यात दोन तासांच्या फरकाने पाण्याचा पोत बदललेला दिसतो. हार्बरच्या मधोमध मात्र प्रवाह किरकोळ.

---

पर्थकर

ऑस्ट्रेलियातून हजेरी. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून दक्षिण-नैऋत्येचा वारा येतो, त्याला इथे 'फ्रीमँटल डॉक्टर' म्हणतात. डिसेंबर-जानेवारीत इतका नेमाने येतो की लोक ऑफिसातून निघायची वेळ त्याच्यावर ठरवतात. पर्थजवळच्या मंडुराची खाडी उथळ आहे, पाण्यात गवत माजतं. किनाऱ्यावर फिरायला येणारे नाकं मुरडतात, पण स्पीडवाल्यांना गवत म्हणजे वरदान. पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत वाढलेलं गवत लाट उठूच देत नाही. फक्त नेहमीचा उभा फिन लावलात तर दोन मिनिटांत गवताचा भारा. मागे झुकलेला, गवत सरकून जाईल असा फिन लागतो.

भरतीबद्दल भर: पर्थकडे चंद्राची भरती १ मीटरच्या आतच. त्यामुळे तक्त्यापेक्षा हवेचा दाब जास्त बोलतो. दाब १ मिलिबारने उतरला की समुद्र साधारण १ सेंटीमीटर चढतो. चेसिलवाले, तुमच्याकडे हे जास्तच लागू होत असणार. वादळ येतं तेव्हा दाब ९८० वगैरे असतो ना?

---

चेसिलवाला

@पर्थकर, नेमका मुद्दा. सरासरी दाब १०१३ धरला आणि वादळाचा ९८०, तर तेवढ्यानेच ३३ सेंटीमीटर पाणी जास्त. वर नैऋत्येचा वारा इंग्लिश चॅनेलमध्ये पाणी ढकलतो ते वेगळं. म्हणजे ज्या दिवशी आम्हाला वारा हवा असतो त्याच दिवशी भरतीचा तक्ता खोटा ठरतो. तक्ता ०.९ मीटर म्हणतो आणि प्रत्यक्षात १.३ असतं. उधाणाच्या दुपारी हेच आमच्या पथ्यावर पडतं, नाहीतर कोरड्या वाळूत उभं राहावं लागलं असतं. याउलट स्वच्छ ऊन, १०३५ दाब आणि पूर्वेचा वारा असला की पाणी तक्त्यापेक्षाही खाली.

एक खूण सांगतो. मी पुलाच्या खांबावरची शेवाळाची रेघ बघतो. तिच्या वर पाणी असेल तर मोठा फिन, खाली असेल तर छोटा. विंडगुरू, विंडी वगैरे संकेतस्थळं वाऱ्यासाठी ठीक, पाण्याला डोळाच लागतो.

---

खाडीकाठ

देवबागला जमेल का हे? कर्ली नदीच्या संगमाला वाळूची चिंचोळी पट्टी आहे. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला खाडी. दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो. तुमच्या चेसिलचंच रूप की.

---

दोनापावला

गोव्यातून लिहितो, इथे बरीच वर्षं शीड धरतोय. @खाडीकाठ, नकाशावर देवबाग सुंदर दिसतं. पण पट्टीवर माड आहेत, घरं आहेत. माडांच्या शेंड्यावरून येणारा वारा खाली खाडीत पोचेपर्यंत चिंध्या झालेला असतो. चेसिलवर एक झुडूप नाही, तिथे फरक पडतो. दुसरं म्हणजे जोर. नोव्हेंबर ते मे आपल्याकडे दुपारचा खारा वारा साधारण १० ते १५ नॉट. त्यात मोठं शीड लावून मजा येते, पोरं शिकवता येतात, २० नॉटच्या वर वेगही निघतो. पण स्पीडचा बोर्ड त्या वाऱ्यात तरंगणारच नाही, उभे राहाल तिथे बुडेल. जोराचा वारा आपल्याकडे पावसाळ्यात, आणि तेव्हा समुद्राच्या वाटेला जाऊ नये. वॉटर स्पोर्ट्सही बंदच असतात.

तिसरी गोष्ट सगळ्यांसाठी. या धाग्यावर सपाट पाणी म्हणून ज्याचं कौतुक चाललंय तो वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहणारा आहे. शीड तुटलं, बूम (शीड धरायचा दांडा) निखळला, की तो तुम्हाला काठापासून दूर नेतो. आपल्या किनाऱ्यावर सकाळचा मतलई वारा असतो, मंद असतो, पण नवीन पोरं त्यातच आत जातात आणि परत येता येत नाही. पोर्टलंडला हार्बरच्या पलीकडे दगडी बांध आहेत, कुठेतरी लागाल तरी. उघड्या किनाऱ्यावर तेही नाही.

---

चेसिलवाला

दोनापावला यांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. हार्बरच्या बाहेरच्या बांधांचं काम एकोणिसाव्या शतकात कैद्यांच्या श्रमाने सुरू झालं, आणि आज निकामी शिडासकट वाहत गेलेला माणूस शेवटी त्यांच्याच कडेला सापडतो. तरी तोपर्यंत दोन-तीन किलोमीटर थंड पाणी. ऑक्टोबरात जाड वेटसूट, हेल्मेट, छातीला मार न लागणारं जॅकेट, आणि काठावर एक माणूस ज्याला तुम्ही आत गेलात हे माहीत आहे. एकट्याने नाही.

---

नवखी

वाचनखूण साठवली. पुढच्या वर्षी एक वर्ष बोर्नमथला शिकायला येतेय, म्हणजे तुमच्या शेजारीच. गोव्यात शिकलेय, पाण्यातून शीड उचलून सुरुवात करता येते, पट्ट्यांत पाय घालून जाता येतं. काय विकत घेऊ? आणि जीपीएसचं घड्याळ चालेल का?

---

चेसिलवाला

@नवखी, स्पीडचा बोर्ड आत्ता घेऊ नका. ६० सेंटीमीटरच्या आसपासचा जुना स्लॅलम बोर्ड आणि साडेपाच-सहा मीटरचं शीड, दोन्ही इथे वापरलेली मिळतात. २०-२५ नॉटच्या पश्चिमेच्या वाऱ्यात त्याच्यावर ३० नॉट निघतात. वजन कमी असेल तर लोक पाण्याच्या पिशव्यांचं जॅकेट घालतात, कारण जड माणूस मोठं शीड धरू शकतो. ते पहिल्या वर्षी नको, पडल्यावर उठणं कठीण होतं.

जीपीएसचं घड्याळ चालेल, पण मनगटावर नको, दंडावर बांधा. पडताना हात फिरतो, अँटेना पाण्याखाली जाते, आणि घड्याळ ५५ नॉट दाखवतं. दर हंगामात कोणीतरी असा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतोच. म्हणून क्षणाचा आकडा धरायचा नाही, १० सेकंदांची सरासरी बघायची.

आल्यावर व्यक्तिगत निरोप करा. शक्यतो अष्टमीच्या आसपासचा शनिवार बघू.

---

तांडेल

शुद्ध की वद्य?

---

चेसिलवाला

काका, कोणतीही चालेल. वारा पश्चिमेचा असला म्हणजे झालं.